नलूबाईंची मूठ

आमच्या बोईसरच्या सप्ताहात काल्याचा एक नेम होता. ज्याच्या हातची मूठ, त्याच्या नावचं घर.

सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, नामाचा गजर थांबू द्यायचा नाही, आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. गोकुळात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कुणाचं ताक, कुणाची भाकरी हे कुणाला ओळखू आलं नाही. तसाच आपला काला. म्हणून आदल्या दिवशी खंडेराव डोक्यावर टोपली घेऊन घरोघर फिरत. घरातून एक मूठ घ्यायची, एकच. लाह्या द्या, पोहे द्या, भिजवलेली डाळ द्या. ती मूठ पानात बांधायची. दुसऱ्या दिवशी कीर्तनात खंडेराव घराचं नाव पुकारत, त्या घरचं माणूस पुढे येई, बुवा त्याच्या कपाळाला बुक्का लावत आणि ते माणूस आपल्या हातानं ती मूठ टांगलेल्या हंडीत टाकी. ज्यानं मूठ दिली, पुकारा त्याच्याच नावाचा. त्यामुळे बापई माणसं आदल्या दिवशी मुद्दाम दारात थांबत. बायको आतून पोहे काढून देई, नवरा मुठीत धरून टोपलीत टाकी, की झालं त्याचं घर.

खंडेराव रेल्वेत सांधेवाले होते. कोणत्या रुळावरून कोणती गाडी सोडायची हे जन्मभर डोक्यात ठेवलेला माणूस. शंभर पुड्यांतली कुठली कुणाची, हे ते कागदाशिवाय सांगत. आणखी एक सवय त्यांना होती. पुकारताना लहान-थोर बघायचे नाहीत. बाई असेल तर बाई, पुरुष असेल तर राव. देवाच्या दारात एकेरी हाक नको, म्हणत.

साल सहासष्ट. तारापूरला वीजघराचं काम जोरात चाललं होतं. घाटावरची माणसं झुंडीनं येत होती: नगरची, सिन्नरची, साताऱ्याची. सालवडला धर्माजींनी आपल्या वाडीत कुडाच्या भिंतींच्या आणि कौलारू छपराच्या खोल्या ओळीनं उभ्या केल्या होत्या. एका खोलीतलं माणूस निघालं की दुसरं दारात बिछाना घेऊन उभंच. त्यातल्या एका खोलीत सुगंधा आणि तिची मुलगी नलू राहत.

सुगंधाचा नवरा आनंदा वीजघराच्या कामावर एका ठेकेदाराकडे जोडारी होता. त्यांचं का फाटलं ते मी सांगत नाही. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही ऐकताना खऱ्या वाटत. एवढं खरं की आनंदा खोली सोडून कामावरच्या शेडमध्ये राहायला गेला आणि सुगंधानं पालघरच्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला. स्वतःसाठी काही मागितलं नाही. मुलीच्या जेवणाखाण्याचं आणि खोलीच्या भाड्याचं द्या, एवढंच. कोर्टानं तसा हुकूम केला. पण हुकमाला पाय नसतात. तो पालघरहून सालवडपर्यंत चालत येईना. आनंदाच्या मनात एकच सल होता, बायकोनं आपल्याला चारचौघांत कोर्टात उभं केलं. तिला कोर्ट हवं होतं ना, मग कोर्टानंच पोसावं, असं तो शेडमधल्या माणसांना सांगे. पुन्हा हुकूम बजावून घ्यायचा तर वकील, तारखा, कामाचे खाडे. सुगंधा एका खाणावळीत भाकऱ्या थापत असे. खाडा केला की चूल बंद.

आणि रेशनचं कार्ड आनंदाजवळ राहिलं होतं. कार्डात नावं तिघांची. धान्य उचलणारा तो एकटा. ते दिवस टंचाईचे. गहू-तांदूळ कार्डावर तोलून मिळे, बाकी अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. सुगंधा तालुक्याच्या कचेरीत गेली, तेव्हा तिथल्या कारकुनानं तिला बसायला सांगून नीट समजावलं, की बाई, वेगळं कार्ड होतं, पण तुमचं बिऱ्हाड वेगळं आहे अशी घरमालकाची चिठ्ठी आणा. ती चिठ्ठी धर्माजी देईनात. माणूस वाईट नव्हता, पण जमीनवाला होता, भ्यायचा. चिठ्ठी दिली की ही बाई इथं कायमची बसेल, आणि भाडं तर थकलेलंच, असा त्यांचा हिशेब. ठेकेदाराचे फिटर जास्त भाडं द्यायला तयार होते. धर्माजींनी सांगून टाकलं होतं, सप्ताह झाला की खोली मोकळी कर.

खोली गेली की नलूही जाणार होती. आनंदानं निरोपच धाडला होता, पोरीच्या डोक्यावर छप्पर नसेल तर मी तिला गावी माझ्या आईकडे नेऊन ठेवीन, कोर्टही मला नाही म्हणणार नाही. सुगंधा हे सगळं शेजारच्या काशीबाईंना सांगे, काशीबाई आमच्या घरी, आणि म्हणून मला ठाऊक.

तर काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी खंडेराव सालवडच्या ओळीत आले. सुगंधा खाणावळीत. दार उघडं, उंबऱ्यात नलू एकटीच बसलेली. सात वर्षांची असेल. खंडेराव स्टेशनाकडे राहत, त्यांना या घरची कर्मकहाणी माहीत नव्हती. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि विचारलं, काल्याची मूठ द्यायला घरात कोण आहे?

मी आहे, ती म्हणाली.

आत जाऊन तिनं डबा धुंडाळला. काशीबाईंनी आपल्या वाट्याची लाल ज्वारी सुगंधाला दिली होती. त्या ज्वारीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. सुगंधानं सकाळी त्यातल्या थोड्या लाह्या फोडून ठेवल्या होत्या, पोरीला दुपारची भूक लागली तर. ती ज्वारी धड फुलतही नसे. अर्ध्या लाह्या, अर्धे न फुललेले कडक गणंग. नलूनं त्यातली मूठ भरली आणि टोपलीपाशी आणली.

खंडेरावांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी पान बांधलं आणि पुढच्या दाराशी गेले. त्यांच्या डोक्यात एक नवा रूळ बसला, बस्स. संध्याकाळी सुगंधाला पोरीनं सांगितलंसुद्धा नाही. देवाला मूठ दिली, त्यात सांगण्यासारखं काय?

दुसऱ्या दिवशी चंद्रभानबुवा काल्याच्या कीर्तनाला उभे राहिले. बुवा नगरकडचे, पाठीत वाकलेले, पण पहिला चरण घेतला की मांडवाची कनात ताठ होई. मी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा. डाव्या अंगाला मृदंग, आणि मृदंगावर आनंदा. हो, तोच. त्याच्यासारखा हात त्या वेळी बोईसर-तारापुरात दुसरा नव्हता. कामावर लोखंड जोडणारी ती बोटं मृदंगावर पडली की मऊ, गोड घुमारा निघे. खोटं कशाला बोलू, आठ दिवस त्याच्या हातावर आम्ही सगळे नाचलो होतो.

बायकांच्या अंगाला सुगंधा अगदी शेवटी येऊन बसली. खाणावळीतून थेट आली होती, कोपरापर्यंत पीठ तसंच. तिनं मृदंगाकडे एकदाही पाहिलं नाही आणि मृदंगानंही तिच्याकडे नाही.

बुवांनी गोकुळ उभं केलं. पेंद्याची शिदोरी शिळी, तो लाजून मागे बसलेला, आणि देव त्याच्याच फडक्याची गाठ सोडायला बसलेला. बुवा सांगत नव्हते, दाखवत होते. म्हाताऱ्याकोताऱ्या पदर डोळ्यांना लावून बसल्या. मग बुवांनी चिपळ्या उंचावल्या आणि खंडेरावांचा पुकारा सुरू झाला. एकेक घर येऊ लागलं. बुक्का, मूठ हंडीत, टाळी. बुक्का, मूठ, टाळी. धर्माजीराव आले, फेटा सावरत, आपली मूठ जरा वरून सर्वांना दिसेल अशी टाकली.

सगळ्यात शेवटी खंडेराव म्हणाले, "सालवड. नलूबाईंचं घर."

ज्यांना माहीत नव्हतं ते कुणी म्हातारी माळकरीण उठेल म्हणून बघू लागले. ज्यांना माहीत होतं ते मृदंगाकडे बघू लागले. बायकांतून सुगंधा अर्धी उठली आणि तशीच थांबली, कारण तिच्या मांडीवरून नलू आधीच उठली होती. आखूड झालेला फ्रॉक, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. दोन्ही बाजूंच्या माणसांमधून ती बुवांपर्यंत चालत आली. इतकं लहान पाऊल, पण कुठं अडखळलं नाही. आपलंच नाव घेतलंय, आपणच जायचं, यात तिला नवल काहीच नव्हतं.

बुवांनी खाली पाहिलं. हसले नाहीत. एखाद्या थोर बाईला लावावा तसा दोन बोटांनी बुक्का तिच्या कपाळाला लावला, आणि वाकलेली पाठ आणखी वाकवून तिच्या पायांना हात लावला. खंडेरावांनी तिची पुडी तिच्या हातात दिली. तिनं पान सोडलं, मूठ भरली, वर पाहिलं. हंडी पुरुषभर उंचीवर टांगलेली.

बुवांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग डावीकडे वळले. त्यांना कसलंच काही ठाऊक नव्हतं. जो सगळ्यात जवळ आणि सगळ्यात धट्टाकट्टा, त्याला ते म्हणाले,

"मृदंगबुवा, माझे गुडघे गेले. या घराला जरा वर उचला."

मृदंग थांबला.

आनंदा हलला नाही. मी त्याच्या शेजारीच होतो. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती. बोलायचं तर कुणी काय बोलणार? बुवांना सांगणार, महाराज, हा तिचा बाप आहे आणि हा तिला पोसत नाही? टाळ थांबू द्यायचा नाही एवढंच मला सुचलं. मी हळू धरून ठेवला. माझं बघून बाकीच्यांनीही.

आनंदानं गळ्यातला पट्टा काढला. मृदंग जमिनीला टेकवत नाहीत, म्हणून त्यानं आधी खांद्यावरचं उपरणं अंथरलं, त्यावर तो ठेवला, आणि वाकून पोरीला काखेत धरून वर उचललं. वर्ष झालं होतं त्याला तिच्या अंगाला हात लावून. पोरीचं वजन त्याच्या अंदाजापेक्षा कमी भरलं असावं, कारण झटक्यानं ती गरजेपेक्षा जास्त वर गेली, हंडीच्याही वर, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी लख्खकन हललं.

ती वरून म्हणाली, हळूच, आमच्या दोघा-तिघांना ऐकू जाईल एवढंच,

"बाबा, नीट धर. माझी मूठ सांडंल."

त्यानं नीट धरलं. तिनं मूठ उघडली. लाल लाह्या आणि लाल गणंग हंडीत पडले, गणंगांचा कडकड आवाज हंडीच्या तळातून आला. बुवांनी त्या आवाजावरच गजर उचलला. खंडेरावांनी तिला खाली घेतलं. मृदंग पुन्हा सुरू व्हायला थोडा उशीर झाला. पण सुरू झाला तेव्हा तो हात वेगळाच होता. मी इतकी कीर्तनं ऐकली. पण तसा मृदंग आधीही नाही आणि नंतरही नाही.

हंडी फुटली. परातीत दही, पोहे, लाह्या, काकडी, लोणचं सगळं एक झालं. द्रोण वाटले. आणि मग गंमत सुरू झाली.

पहिल्यांदा धर्माजींच्या दाढेखाली कडक काहीतरी आलं. कट्ट. त्यांनी गाल धरला. पलीकडे स्टेशनमास्तरांचा हात तोंडाशी थांबला. मग माझ्या दाताखाली. एका मुठीतले गणंग ते किती असणार? पण दही-पोह्यांत सगळं विरून गेलं तरी ते काही विरत नव्हते. जिकडे बघावं तिकडे कुणीतरी जपून चावतंय. प्रसाद थुंकता येत नाही. थुंकणार कुठं, आणि कुणाच्या देखत! फोडा नाहीतर गिळा.

"काय हाय हे?" धर्माजी पुटपुटले. "कोणाच्या घरचा हा गणंग?"

काशीबाई समोरच्या ओळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ज्या घराला उद्या बाहेर काढायचंय तुम्हाला, त्या घरचा."

आसपासचे हसले. धर्माजी नाही हसले. ते म्हणाले, "घर नाय ते, काशीबाय. खोली हाय ती माझी."

"खोली तुमची, कोण न्हाई म्हणतंय? पण घर पुकारलं तवा टाळी तुम्हीबी वाजवली की."

धर्माजींच्या तोंडात गणंग होता. बराच वेळ त्यांनी तो इकडून तिकडे फिरवला आणि शेवटी डोळे मिटून गिळला.

आनंदा खांबाला टेकून, द्रोण हातात धरून बसला होता. त्यालाही आला असणार, एक की दोन. तो ते फोडत नव्हता, गिळतही नव्हता. सगळी माणसं हात धुऊन गेली तरी त्याच्या गालाला तो फुगवटा दिसत होता. मी त्याचं उपरणं झटकून त्याला द्यायला गेलो, तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "हे खाती व्हय ती?"

मी म्हटलं, "रोजचं मला ठाऊक नाही. पण देवाला दिलं ते घरात होतं तेच दिलं असणार."

एवढंच. त्याला उपदेश करायला मी कोण? जे करायचं ते त्या वाकलेल्या म्हाताऱ्यानं, काही माहीत नसताना, करून ठेवलं होतं.

अमावस्येच्या आत धर्माजींनी चिठ्ठी दिली. देताना काशीबाईंकडे न बघता म्हणाले, की आमी देवाच्या मांडवात टाळी वाजवली, आता नाय कसं म्हणू. पण भाडं मात्र वेळेवर पायजे. सुगंधानं सांगितलं, वेळेवर देईन. कुठून, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पगाराच्या दिवशी आनंदा सालवडला आला. काशीबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यामुळे हा भाग मला जसाच्या तसा मिळाला. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. काखेत पिशवी, हातात रेशनचं कार्ड. सुगंधा चुलीपाशी होती, उठली नाही. तो आतलं कुणी ऐकेल अशा बेतानं म्हणाला,

"नलूबाईंचं घर हेच का?"

सुगंधा म्हणाली, "इतके दिवस रस्ता सापडत नव्हता वाटतं."

मग दोघांचं चांगलंच जुंपलं. कोर्ट निघालं, गाव निघालं, त्याची आई निघाली, दोघांच्या लग्नातली कुठलीशी कढईसुद्धा निघाली. तो म्हणाला, कोर्टाचा पैसा मी तुझ्या हातात ठेवणार नाही. ती म्हणाली, माझ्या हातात ठेव असं म्हटलंय कुणी? जिचा आहे तिच्या हातात ठेव. नलू शाळेतून आली होती, दारात दोघांच्या मध्ये उभी. त्यानं तिचे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि खोलीचं भाडं तिच्या ओंजळीत ठेवलं. मग पिशवी तिच्या पायाशी ठेवली. तांदूळ होते. कार्ड घेऊन दुसऱ्या दिवशी तो स्वतः सुगंधाबरोबर तालुक्याला गेला. जाताना ती पुढे, तो मागे. येतानाही तसंच.

ती दोघं पुन्हा एक झाली नाहीत. लोकांनी वाट पाहिली, मीही पाहिली, देवळात नवसही बोललो. पण नाही झाली. तो शेडमध्येच राहिला. मात्र दर पगाराला सालवडला येऊन उंबऱ्याबाहेर उभा राही आणि हाक मारी, "नलूबाई." ती बाहेर येई. पुढं-पुढं सुगंधा आतून चहा देऊ लागली. तो उंबऱ्यावर बसून पिई. कप धुवायला नलू आत नेई.

पुढच्या सप्ताहाला खंडेराव टोपली घेऊन त्या दाराशी गेले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर होतो. सुगंधा घरीच होती. डब्यात पांढरे पोहे होते, चांगले जाड. तिनं डबा काढून नलूपुढे धरला. नलूनं आत पाहिलं, मग फळीवरून दुसरा एक लहान डबा काढला, त्यातली मूठ पोह्यांत मिसळली आणि खंडेरावांपुढे केली.

मी वाकून पाहिलं. पोह्यांत लाल गणंग होते.

खंडेरावांनी पान बांधलं. "नलूबाईंचं घर," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुढच्या दाराशी गेले.